‘दाखल्यावर कारण कुठंय?’

हा प्रश्न मी विमा कंपनीच्या एकाच काउंटरवर, एकाच माणसाच्या तोंडून तीन वेळा ऐकला. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, जाऊन आता आठ महिने झाले. दुःख त्याच्या जागी आहे, पण त्या काउंटरचा राग काही केल्या उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर रागाच्या भरात राहून जाईल. घरी मृत्यू झाला की डॉक्टर जो कागद देतात, त्याला नमुना ४ अ म्हणतात. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. तो कागद कुणाच्याही हातात देण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा, दोन्ही बाजूंचा. मी काढला नाही. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

आम्ही सिन्नरचे. अण्णा एसटीत कंडक्टर होते, निवृत्तीनंतर गावातच होते. अठरा वर्षं साखर, त्यातच बीपी, आणि या सगळ्याला डॉक्टर एकच. आमच्या घराण्यात ‘डॉक्टर’ म्हटलं की नाव घ्यावं लागत नाही. जुन्या पद्धतीचा दवाखाना, बाहेर लाकडी बाक, आत कंपाउंडरची खिडकी, आणि भिंतीला लागून केसपेपरांचे गठ्ठे. गुरुवारी अण्णांना धाप लागली म्हणून दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, “नाशिकला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर नको.” सोमवारची वेळ मिळाली. म्हणून शनिवारीच अण्णांना नाशिकला सिडकोत ताईकडे आणून ठेवलं. त्याच रात्री पावणेतीनला ते गेले. आईनं हाक मारली तेव्हा हात गार लागत होते.

दाजींनी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांना उठवलं. ते आले, तपासलं, “गेलेत” म्हणाले. पण दाखला मागितला तर हात जोडले. “मी यांना कधी पाहिलेलं नाही, कशानं गेले हे मी कसं लिहू? तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील त्यांना बोलवा. कोणीच नसेल तर सिव्हिलला न्यावं लागेल, मग पोस्टमॉर्टेम.” तेव्हा मला त्यांचा इतका संताप आला की काय सांगू. आज कळतं, माणूस बरोबर बोलत होता. शेवटच्या आजारात ज्यानं उपचार केले, त्यानंच हे प्रमाणपत्र द्यायचं असतं.

साडेतीनला सिन्नरला फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत डॉक्टर म्हणाले, “अण्णा का?” सत्तरीचा माणूस, पण मोहदरी घाट उतरून पाचला दारात उभा. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत अण्णांचा केसपेपर. डोळ्यांत टॉर्च मारली, छातीला स्टेथोस्कोप बराच वेळ लावून ठेवला. मग जेवणाच्या टेबलाशी बसून चष्मा पुसला आणि फॉर्म काढला.

दाजी म्हणाले, “हार्ट फेल लिहा ना डॉक्टर, सोपं पडेल.”

“हृदय बंद पडलं हे कारण नव्हे, ते प्रत्येकाचंच पडतं. कशानं पडलं ते इथं लिहायचं.” आणि ओळीनं लिहीत गेले. वर हृदयविकाराचा झटका, त्याच्या खाली तो ज्या आजारातून आला तो आजार, खालच्या भागात मधुमेह. प्रत्येकापुढे तो किती काळ होता याचा रकाना असतो. मधुमेहापुढे केसपेपर बघून १८ वर्षं लिहिली. फॉर्मचा खालचा तुकडा फाडून माझ्या हातात दिला. तो नातेवाइकांसाठी असतो. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचारांत होते आणि अमुक दिवशी वारले, एवढंच त्यावर असतं. कारण नसतं. हे मी तेव्हा वाचलं नाही. कोण वाचतं?

पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, “याचे घ्यायचे नसतात, कायद्यातच आहे.” फक्त अर्धा कप चहा घेतला.

मोठा कागद अमरधामात गेला. तिथून पुढचं पालिकेत. हा टप्पा सरळ पार पडला. एक चूक मात्र केली. अण्णा सिन्नरचे म्हणून आधी सिन्नर नगरपरिषदेत गेलो. मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथं नाही, जिथं जातो तिथं होते. म्हणजे सिडकोत गेले, तर नाशिक महापालिका. २१ दिवसांच्या आत नोंद झाली की विलंब शुल्काची भानगड राहत नाही. पालिकेचा मृत्यूचा दाखला घेताना खिडकीवरून हलायच्या आधी नावाचं एकेक अक्षर आधारशी ताडून बघा आणि दहा प्रती घ्या. मी चार घेतल्या. पेन्शन, बँक, गॅस आणि विमा इथंच त्या संपल्या.

आता विमा.

दोन वर्षांपूर्वी घराच्या दुरुस्तीला अण्णांनी कर्ज काढलं, त्याला जोडून बँकेनं विमा उतरवून दिला होता. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटणार. कंपनीचं नाव घेत नाही. शाखा नाशिकमध्येच, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट मी गेलो त्या पाचपैकी चार दिवस बंद. काउंटरवरच्या साहेबांनी दाखला हातात घेतला, उलटसुलट केला.

“दाखल्यावर कारण कुठंय?”

मी म्हटलं, पालिकेनं असाच दिलाय.

“कारण असलेला आणा. पॉलिसीला तीन वर्षं झालेली नाहीत, आम्हाला चौकशी करावी लागते.”

चौकशीचं म्हणणं खरं होतं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटली की कंपनीला पॉलिसीवर शंका काढता येत नाही, त्याआधी येते. ते काढोत बापडे. पण कारण असलेला दाखला?

पालिकेच्या खिडकीवर गेलो. तिथल्या ताई म्हणाल्या, “मिळत नाही.” मला वाटलं, टोलवताहेत. आवाज चढवला. त्या शांतपणे म्हणाल्या, “दादा, तुमच्या वडलांचंच नाही, कुणाच्याच दाखल्यावर कारण नसतं. कायद्यानं छापता येत नाही.” १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, कलम १७. नोंदीचा उतारा देताना मृत्यूचं कारण उघड करायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मृत्यूचं कारण सरकारदरबारी नोंदलं जातं, दाखल्यावर येत नाही. विचार केला तर बरोबरच आहे. गॅसच्या एजन्सीत माणूस कशानं गेला हे कशाला कळायला हवं? मी त्या ताईंची माफी मागितली, आणि कलमाचा आकडा तळहातावर लिहून परत तिसऱ्या मजल्यावर.

“दाखल्यावर कारण कुठंय?”

कलम सांगितलं. साहेब म्हणाले, “तसं पालिकेकडून लेखी आणा.” पालिकेतल्या ताई हसल्या. “कायदा लेखीच आहे की.”

तिसऱ्या खेपेला मी कायद्याचं ते पान छापून नेलं, कलमाखाली लाल रेघ मारून. साहेबांनी ते वाचलं नाही, बाजूला सरकवलं. पुन्हा तोच प्रश्न. मग म्हणाले, “बरं, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड द्या.” म्हटलं, घरी गेले. “मग पोस्टमॉर्टेम रिपोर्ट.” म्हटलं, आजारानं गेले, डॉक्टरांनी दाखला दिला, पोस्टमॉर्टेम कशाला होईल? “मग डॉक्टरांचा दाखला.” मी तो फाडलेला तुकडा पुढे केला. “यावरही कारण नाही.” मोठा कागद पालिकेत जमा झालेला, आणि माझ्याकडे फोटो नाही.

जिन्यात बसून मी खरंच रडकुंडीला आलो होतो. अण्णांनी तीसेक वर्षं तिकिटं फाडली, रोजच्या हिशेबात कधी रुपया इकडचा तिकडे नाही. आणि त्यांच्या मरणाचा हिशेब काही लागेना.

त्या संध्याकाळी सिन्नरला गेलो. बाकावर नंबर लावून बसलो, पुढे खोकल्याची सहा पोरं. आत गेल्यावर सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यांचा फॉर्म कुठाय?”

“कुठला?”

“अरे, शेवटचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरायचा फॉर्म असतो. त्यांच्याकडे छापलेला असतो. आजार कोणता, कधीपासून, मृत्यूचं कारण काय, सगळं त्यात येतं. मी इतक्यांचे भरलेत की पाठ झालाय. मागितलास का?”

मागायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चौथ्या खेपेला गेलो आणि नुसतं फॉर्मचं नाव घेतलं. साहेबांनी उजव्या हाताचा ड्रॉवर उघडला, वरचाच कागद काढून दिला. वरचाच! तीन खेपा मी ज्याच्यासमोर उभा होतो, त्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, असं अजून रात्री वाटतं.

डॉक्टरांनी फॉर्म भरला, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, सोबत केसपेपरची झेरॉक्स. मी भीत भीत म्हटलं, “अठरा वर्षं साखर लिहिल्यावर ते अडवणार नाहीत ना?” डॉक्टर म्हणाले, “जे आहे ते लिहिणार. अण्णांनी पॉलिसी घेताना काय लिहिलं होतं ते बघ.” घरी ट्रंकेत पॉलिसीची फाइल सापडली. एजंटनं भरलेल्या अर्जात मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’वरची खूण खोडून अण्णांनी स्वतः ‘होय’वर केली होती, आणि शेजारी बारीक सही. कंडक्टरची सवय. ती फाइल कुणी हरवू नका. पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्या, देतात.

पाचव्या खेपेला सगळं जमा केलं, पोच घेतली. पोच प्रत्येक वेळी घ्यायला हवी होती, पहिल्या तीन खेपांचा माझ्याकडे काहीच पुरावा नाही. दीड महिन्यानं बँकेचा मेसेज आला, कर्ज खातं बंद. कंपनीकडून एक ओळही नाही.

डॉक्टर आता फक्त संध्याकाळी बसतात. मुलगा पुण्यात, तो काही इथं यायचा नाही. आई वर्षातले सहा महिने ताईकडे असते. मी तिला घेऊन सिडकोत गल्लीच्या टोकाच्या त्याच डॉक्टरांकडे गेलो, त्या रात्री हात जोडले होते त्यांच्याकडे. आई कुरकुरत होती, “मला काय धाड भरलीय?” त्यांनी बीपी बघितलं, साखर तपासायला सांगितली, नवा केसपेपर काढला आणि वर तारीख घातली. नाव विचारताना त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. ओळखलं असावं. दर दोन महिन्यांनी आणा, म्हणाले.