तुम्ही विचारलंत म्हणून : दहा रुपये कशाला?

परवा एका मुंजीत नणंदेच्या विहीणबाईंनी विचारलं. त्याआधी बँकेच्या रांगेत एकीनं, त्याआधी आमच्याच जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी. सुरुवात नेहमी कौतुकानं होते. "लॉकडाऊनमध्ये पोरांना जेवू घातलंत, पुण्याचं काम हो." मग जरा थांबून, "पण पैसे घ्यायचात ना? दहा रुपये?" तो 'पण' मला आता आधीच ऐकू येतो.

हो, घ्यायचे. पहिले १८ दिवस नाही घेतले, नंतर घेतले. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते आणि एकदाच नीट सांगते, म्हणजे पुढच्या कार्यात निदान मठ्ठा तरी सुखानं पिता येईल.

आम्ही पुणे शहरात, नवी पेठेत राहतो, तेव्हा पोरं कोण ते सांगायला नको. एमपीएससीवाली, सरकारी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करायला गावाहून आलेली. ५ एप्रिल २०२० ची राज्यसेवा पूर्व पुढे गेली, पण तीनच आठवड्यांनी. तेवढ्यासाठी गावी जाऊन अभ्यास कशाला बुडवायचा म्हणून कितीतरी जण थांबले. (ती परीक्षा झाली २१ मार्च २०२१ ला. तेही ती पुन्हा पुढे ढकलली म्हणून पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा.) पाडव्याच्या दिवशी देश बंद झाला आणि खानावळीही. कॉट बेसिसच्या खोल्यांत मालक शेगडी ठेवू देत नाहीत. चार खाटा, चार बॅगा आणि पाणी तापवायची एक किटली. त्या किटलीत मॅगी व्हायची. एकानं भात करायला घेतला आणि किटली जाळली, तो वास जिन्यानं आमच्या घरात आला. सुरुवात अशी झाली. कळवळा वगैरे नंतरचा.

स्वयंपाकाचं कौतुक तर नकोच. एक किलो तांदूळ, अर्धा किलो मुगाची डाळ, हळद, हिंग, मूठभर दाणे, की आठ पोरांची खिचडी. लसणाची फोडणी वेगळी करून वरून द्यायची, तेवढ्यानंच पोरं खूश. मार्केट यार्ड बंद होतं तेव्हा भाजी नाही. मग मसूर, कारण तो भिजवायचं लक्षात ठेवावं लागत नाही. नाहीतर पिठलं. उकळत्या पाण्यात पीठ पेरायची हौस चौघांपुरती ठीक आहे. तीस जणांना बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यावं, नाहीतर गुठळ्या फोडत बसा. पोळ्या मी आणि समोरच्या वहिनी करायचो. कापडावर पसरून निवल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, वाफ कोंडली की खालच्या दोघींचा लगदा. झालं. ह्यापलीकडे त्यात काही नव्हतं.

आता पैसे. डब्याला २२-२३ रुपये पडायचे. एरवी आमचा सिलिंडर दीड महिना जातो, तो अकरा दिवसांत संपला. दहा रुपयांत नफा कुठून येणार, ते ज्यांना नफा दिसतो त्यांनी सांगावं. आणि सरकारनं २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी काढली तीही १० रुपयांनाच की. शहरात थाळीचे ५० धरलेले, वरचे ४० सरकार भरायचं. टाळेबंदीत दहाचे पाच केले, दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, फुकट. सरकारलाही एका आकड्यावर राहता आलं नाही.

हे उत्तर मी कितीतरी दिवस देत होते. ह्यानं लोक गप्प बसतात. हिशेब खरा आहे, पण कारण तो नाही.

आजोबांचा मुद्दा निराळा. "ह्याच पेठांत गरीब मुलं वार लावून जेवली, शिकली, मोठी झाली. कुणी पैसे मागितले?" नाही मागितले. माझे सासरे वारांवरच शिकले. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. अन्नाचे उपकार ते शेवटपर्यंत मानायचे. पण कुठल्या घरी ताकात पाणी जास्त असायचं, कुठल्या घरी पान आत न मांडता ओटीवर मांडायचे, हेही त्यांना पंचाहत्तरीत पाठ होतं. बुधवारच्या घराचा विषय निघाला की भरल्या ताटावरून उठायचे. मी नवी सून, मला तो तऱ्हेवाईकपणा वाटायचा.

इथून पुढचं मी जिन्यात सांगत नाही.

बाराव्या दिवशी मी फोटो काढला. आमच्या दारापासून खाली रस्त्यापर्यंत खडूची वर्तुळं आणि त्यांत डबे घेऊन उभी असलेली पोरं. वाटलं, बघून कुणी तांदूळ देईल. दिले. एका वाण्यानं पाच किलो पाठवले. फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून कुठल्या कुठे गेला. कुणीतरी त्याखाली स्वतःचं हात जोडलेलं चित्र आणि पदही चिकटवलं. मी सगळ्यांना सांगत होते, बघा काय एकेक लोक असतात. पण खरं सांगू? बरं वाटत होतं. साताऱ्याहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, तू फेमस झालीस." मी तो फोन स्पीकरवर ठेवला होता.

फोटोत सगळ्यांत पुढे हिंगोलीकडचा एक मुलगा होता. मास्क हनुवटीवर, चेहरा स्वच्छ. दोन दिवसांनी तो यायचा थांबला. मला वाटलं, मिळाली असेल कुणाची गाडी. मी डबा एक कमी भरला. मला आजही लागतं ते हे. चौकशी केली नाही, एक कमी भरला, आणि त्या दिवशी पोळ्या बरोब्बर पुरल्या म्हणून वहिनींना टाळीसुद्धा दिली. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी त्याच्या खोलीतला दुसरा डबा घेता घेता पुटपुटला, "काकू, तो वरच आहे."

शेजारच्या इमारतीचा तिसरा मजला. त्यानं दार उघडलं, मला बघून हसला. "जेवलो, काकू." कुठे जेवलास? "जेवलो ना." खिडकीत बिस्किटाच्या पुड्यांचे कागद होते. फेकलेले नव्हते. घड्या घालून एकावर एक रचलेले, वर दाब म्हणून जाडजूड पुस्तक. एवढी टापटीप बघून माझं डोकं फिरलं. मी ओरडले त्याच्यावर. आम्ही इथे सकाळपासून मरमर करतोय आणि तू अन्नाला पाठ दाखवतोस, एवढा कसला माज आहे रे? माज म्हणाले मी. चार दिवस पाणी-बिस्किटावर राहिलेल्या पोराला.

तो उलटून बोलला नाही. खाटेवर बसला, मग उभा राहिला, कारण मी उभी होते. म्हणाला, फोटो गावात पोचला. वडिलांना कुणीतरी पारावर दाखवला. वडील रागावले का, असं मी विचारलं. "रागावले असते तर बरं होतं. म्हणाले, हळदीचं मार्केट उघडलं की पैसे लावतो बाळा, तोवर खा तिथंच. तेव्हापासून घास उतरत नाही." हळद घरात भरून पडलेली आणि बाजार बंद. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही खानावळीसारखे पैसे घेत असाल तर येतो, काकू. खानावळीत कुणी फोटो काढत नाही."

"किती देशील?" मी अजून रागातच होते. त्यानं खिसा चाचपला. "दहा."

आकडा त्याचा आहे. माझा नाही, शिवभोजनाचाही नाही.

एकट्याकडून घेतले असते तर तो पुन्हा रांगेत वेगळा पडला असता, म्हणून सगळ्यांना दहा. चहाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून तो दाराशी स्टुलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी हिंगोलीवाला आला, दहाचं नाणं आत सोडलं (काही दुकानदार तेव्हा दहाची नाणी घेत नसत, ती सगळी माझ्याकडे जमली) आणि मोठ्यानं म्हणाला, "काकू, टाकले!" मग सगळीच तसं म्हणायला लागली. सकाळी अकराला आमच्या जिन्यात तीसदा 'काकू, टाकले'.

इथे गोष्ट संपली असती तर मला तुमच्या प्रश्नाची चीड आली नसती.

डबा मोजायचा नाही असं ठरवलं होतं. पण आठवड्यानं तेल आणायचं म्हणून उघडला. नाणी होती, नोटा होत्या, आणि नोटेसारखी घडी घातलेले कागदही होते. सरावाच्या उत्तरपत्रिकेच्या पट्ट्या, काही गोळे काळे केलेले. मोजल्या, सात. अक्षर नाही, नाव नाही, नुसते गोळे. नाणं पडलं की वाजतं. नोट वाजत नाही, तसा कागदही वाजत नाही. कुणीतरी सात दिवस माझ्यासमोर हसून "काकू, टाकले" म्हणत होतं.

मी डबा आत, दाराआड नेला. टाका, नका टाकू, मला दिसायला नको. दुसऱ्याच दिवशी हिंगोलीवाल्यानं विचारलं, "मग मी टाकले ते तुम्हाला कळणार कसं?" डबा पुन्हा बाहेर आला.

तेव्हा फुकट असतं तर बरं झालं असतं का? पट्टीवाल्याचं झालं असतं. फोटो काढणारी ती मी अजून अधूनमधून म्हणते, साधी पाटी लावायची होतीस, 'जमेल त्यांनी टाका'. मी तिला विचारते, मग हिंगोलीच्या पोरानं रोज दारात उभं राहून ठरवायचं, की आपण जमेल त्यांतले की न जमेल त्यांतले? ती म्हणते, पट्ट्या फाडणाराही तेच ठरवत होता ना? ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मे महिन्यात पास मिळाले, एसटी लागल्या, पोरं गेली. पट्ट्या कोणाच्या ते मी शोधलं नाही. चेहरे निरखायचा मोह रोज व्हायचा, म्हणून 'टाकले' ऐकू आलं की मी मुद्दाम पातेल्यात बघत राहायचे आणि नाणं वाजो न वाजो, प्रत्येकाला म्हणायचे, "हो रे, ऐकलं."