आमची वाटचाल: मोडक्या रॉडपासून कार्प रॉडपर्यंत

आमचा धंदा रॉड विकण्यापासून सुरू झालाच नाही, मोडलेले रॉड जोडण्यापासून झाला. मी आणि धाकटा भाऊ, दोघांनाही गळानं मासे धरायचा नाद, आणि नाद म्हटलं की सामान मोडणार, मग स्वतःचे रॉड दुरुस्त करता करता ओळखीच्यांचे यायला लागले, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे, आणि एक दिवस लक्षात आलं की घरातली एक खोली नुसती रॉडनी भरलीये.

त्या रिपेअरिंगनं जे शिकवलं ते कुठल्याच कॅटलॉगमधे नव्हतं. लोक यायचे आणि म्हणायचे दोरी भिकार आहे, सारखी तुटते, ब्रँड बदलला तरी तुटते. मी रॉडच्या टोकाची, दोरी जिच्यातून जाते ती रिंग घ्यायचो आणि आतून कापसाचा बोळा फिरवायचो. कापसाचा एखादा तंतू अडकला की समजायचं, आतल्या सिरॅमिकला केसाएवढा तडा गेलाय, डोळ्याला दिसत नाही पण दोरीला करवतीसारखा लागतो. रिंग काढायची, नवी बसवायची, झालं काम. दोरीला शिव्या देणारा माणूस जरा ओशाळा होऊन जायचा.

आणि मोडलेल्या रॉडपैकी मोठ्या माशानं मोडलेले किती असतील, तर फार थोडे. गाडीचं दार, छताचा पंखा, कुणाचा तरी पाय, हेच जास्त. आणि एक खास कारण म्हणजे मासा पायाशी आला की घाईनं रॉड सरळ आभाळाकडे करायचा, मग सगळा भार टोकावर येतो, बुडाचा जाड भाग नुसताच बघत बसतो आणि वरचं कांडं काडकन जातं. कार्बनच्या रॉडला दगडावर आपटून बारीक टवका गेलेला असेल तर तो पण तिथेच मोडतो, कधी दोन महिन्यांनी, आणि मालक म्हणतो अहो काहीच जोर नव्हता लावला. खरंच नसतो लावलेला.

एवढं सगळं माहीत असून पहिला विक्रीचा माल घेताना आम्ही माती खाल्ली. डोक्यात गणित साधं होतं की कार्प म्हणजे मोठा मासा, मोठा मासा म्हणजे दणकट रॉड. 13 फुटी, वर साडेतीन पाउंड लिहिलेले, म्हणजे चांगलेच ताठ रॉड घेतले, आणि विकलेही गेले, कारण गिऱ्हाइकाच्या डोक्यातही तेच गणित. पहिली तक्रार एका काकांची आली. त्यांचं तळं छोटं, काठाला झाडं, फेकायचं जेमतेम 20 मीटर. ते म्हणाले, "तुमच्या रॉडनं चार मासे लागले आणि चारही हाताशी येऊन सुटले." मी आधी त्यांच्या गळालाच दोष दिला, धार गेली असेल म्हणालो. मग भाऊ त्यांच्याबरोबर जाऊन बसला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "दादा, रॉड वाकतच नाही रे. मासा जवळ येऊन झटका मारतो, तो झटका कुणी खायचा? दोरी आखूड, रॉड ताठ, गळ सरळ तोंडातून निघून येतो." शिवाय 13 फूट रॉड त्या झाडांच्या फांद्यांत अडकत होता ते वेगळंच. रॉड परत घेतला, माफी मागितली. ते काका अजून येतात म्हणा, पण दर वेळी आठवण काढतात.

तिथून आम्ही टेस्ट कर्व्ह हा शब्द मनावर घेतला. रॉडवर 2.75, 3, 3.5 असे पाउंडांचे आकडे लिहिलेले असतात ना, तो मासा किती मोठा पेलेल याचा आकडा नाही, ही गैरसमजूत मी रोज एकदा तरी काढतो. रॉडचं बूड आडवं पक्कं धरून टोक खाली ओढलं आणि ते बुडाशी 90 अंशात आलं, तर तेवढं ओढायला जे वजन लागलं तो टेस्ट कर्व्ह. म्हणजे रॉड किती ताठ हे सांगणारा आकडा. त्यावरून ढोबळ हिशोब असा की जितके पाउंड तितके औंस वजन आरामात फेकता येतं, 3 पाउंडच्या रॉडनं 3 औंस, म्हणजे साधारण 85 ग्रॅम. पण त्यात नुसतं शिसं नाही, फीडरमधलं, म्हणजे दोरीला लावलेल्या चाऱ्याच्या डबीतलं आमिष आणि चाऱ्याची पिशवी सगळं धरायचं, इथेच लोक चुकतात. दोरीसाठी जुना अंदाज पाचपटीचा, 3 पाउंडच्या रॉडला 15 पाउंडची दोरी.

मग भावानं खोलीच्या भिंतीवर लाकडी पकड ठोकली, शेजारी स्प्रिंगचा काटा लावला आणि आम्ही विकायला आणलेला प्रत्येक रॉड लटकवून बघायला लागलो. आणि तिथे मजा सुरू झाली. एका पुरवठादाराचा माल, लेबल साडेतीन, म्हणजे काट्यावर 1.6 किलोच्या आसपास यायला हवं, येतंय 1.1. तो म्हणाला तुमचा काटा खराब आहे. आम्ही काटा बदलला, तरी 1.1. तो माल परत गेला, पैसे बऱ्याच उशिरानं आले, पण त्या भिंतीनं आमचं नाव केलं हे मात्र खरं. कार्पवाले एकसारखे दोन-तीन रॉड लावून बसतात, आणि एकाच लेबलचे दोन रॉडही कधी कधी वेगळे वाकतात, म्हणून आता जोडी हवी असेल तर आम्ही भिंतीवर जुळवूनच देतो.

आता कुणी विचारलं कुठला रॉड घेऊ, की आम्ही आधी रॉड दाखवतच नाही. किती लांब फेकायचंय, काठ मोकळा की झाडीचा, एकूण वजन किती, पाण्यात वनस्पती किंवा बुडलेली लाकडं आहेत का, एवढं विचारतो. बहुतेकांचं 12 फुटी, पावणेतीन ते 3 पाउंडात भागतं. छोटं तळं, दाट काठ असेल तर 9 किंवा 10 फुटी. 100 मीटरच्या पुढे फेकायचं असेल तरच साडेतीन, आणि त्यातही फेकणाऱ्याचा हात तसा पाहिजे, नाहीतर ताठ रॉड वाकवताच येत नाही आणि मऊ रॉडपेक्षा जवळ पडतं. लांबवर चारा भिरकावायचा रॉड वेगळाच असतो, साडेचार-पाच पाउंडचा, त्यावर मासा खेळवायला जाऊ नये. झाडाझुडपांतून मासा बाहेर काढायचा असेल तर बुडात ताकद असलेला घ्या, एवढा एक अपवाद मी मऊ रॉडच्या बाबतीत करतो.

ज्यांना मऊ रॉडचं पटतच नाही त्यांना मी रिचर्ड वॉकर या नावाजलेल्या इंग्रज गळवाल्याची गोष्ट सांगतो. 13 सप्टेंबर 1952 ला त्यानं इंग्लंडात रेडमायर पूलमधून 44 पाउंडचा, म्हणजे जवळजवळ 20 किलोचा कार्प काढला, बांबूच्या चिपा चिकटवून बनवलेल्या 10 फुटी रॉडवर. टेस्ट कर्व्ह दीड पाउंड! गिऱ्हाईक जरा वेळ गप्प बसतं, मग म्हणतं तरी पण तीनच द्या. देतो बापडा.

कार्बनवर ते चौकटी-चौकटीचं विणकाम दिसतं त्याला लोक भुलतात, बहुतेक वेळा तो वरचा देखणा थर असतो, आतला कार्बन कसा आहे ते त्यावरून कळत नाही. बुडाकडची 50 मिलिमीटरची पहिली रिंग लांब फेकीत रीळाच्या मोठ्या स्पूलवरून, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीवरून, दोरी सुटायला बरी, 30 मीटरवर बसणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

कुरियरनं पहिल्या वर्षी रडवलं. 12 फुटी रॉड दोन तुकड्यांत 6 फूट होतो आणि खोक्यात वाकतोच. आता आम्ही प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप कापतो, दोन्ही टोकांना फोम आणि झाकण. प्रत्येक पाइपमधे एक चिठ्ठी असते, कार्बनमधून वीज वाहते, वरून तार गेली असेल तिथे रॉड उभा करू नका, गडगडायला लागलं की खाली ठेवा. ही चिठ्ठी वाचून कुणी हसतं, हसू दे.

सध्या घरात वाद चालू आहे तो 10 फुटी रॉडचा. भाऊ म्हणतो पुढचा सगळा माल 10 फुटीच घेऊ, गाडीत मावतो, लहान पाण्यावर मजा येते. मी म्हणतो 12 शिवाय पोट भरत नाही. भिंतीवर दोन्ही टांगलेत, आणि येणारा प्रत्येक जण आधी 10 वालाच हातात घेतो हे मी अजून त्याच्यापाशी कबूल केलेलं नाही.