सतरा सप्टेंबरनंतरचं दप्तर

दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, आमच्या धाराशिवात झेंडावंदन होतं, पालकमंत्र्यांचं भाषण होतं. 13 सप्टेंबर 1948ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17ला निजामानं शरणागती पत्करली, टाळ्या. पुढं काय झालं त्यावर एक वाक्य नसतं. मी जमिनीचे दावे चालवणारा वकील, माझी तर रोजीरोटीच त्या 'पुढं'वर चालते.

त्याआधी रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावं लुटली, जाळली. भारतात विलीनीकरणाची बाजू घेणारा संपादक शोएबुल्ला खान, त्याला ऑगस्टमध्ये हैदराबादेत मारला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली केलेला. त्याला सात वर्षांची सजा झाली ती बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात. 1957ला सुटला आणि पाकिस्तानात गेला. निजामाचा पंतप्रधान लायक अली 1950मध्ये नजरकैदेतून निसटला. आणि निजाम? त्याच वर्षी हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा, झाला, 1956पर्यंत त्या खुर्चीवर होता. वरच्यांचा हिशेब असा मिटला.

खालच्यांचा गावानं केला, आणि भलत्यांचा केला. आमच्या गल्लीत एक मुसलमान पिंजारी होता. रझाकारीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पोलीस ॲक्शन, म्हणजे ती फौजी कारवाई, झाल्यावर आजीनं त्याला आमच्या कडब्याच्या गंजीत दडवलं. भाकरी शेणाच्या पाटीत ठेवायची, वरून गोवऱ्या, आणि गोठ्यात निघाल्यासारखं जायचं. तो वाचला. त्याचा भाऊ नाही वाचला. पिंजारी घरी परतला तर दार चौकटीसकट काढून नेलेलं. ती चौकट गावातल्याच एका घराला लागली होती. कुणाच्या, ते आजीला ठाऊक होतं. मरेपर्यंत तिनं नाव घेतलं नाही. तक्रार तर कुणीच केली नाही.

हे एका गावाचं नव्हतं. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल यांची समिती 1948च्या अखेरीस इकडं फिरली. ॲक्शनच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद (म्हणजे आमचं धाराशिव), गुलबर्गा, बिदर, नांदेड. अहवाल फायलीत गेला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना बघायला मिळाला 2013 साली.

उभारणी मात्र झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. 1949ला जहागिरी गेल्या, 1950चा कूळकायदा आला, 1954-55चं खासरा पत्रक, म्हणजे कोणती जमीन कुणाकडं याची नोंद, झालं. आजही माझ्या टेबलावर रोज कुणीतरी त्याची नक्कल आणून आपटतो. कुळाचं नाव कागदावर चढलं, माझ्या मते मुक्ती ती. (मदतमाश, म्हणजे निर्वाहासाठी इनाम दिलेल्या, जमिनींचा घोळ अजून निस्तरतोय, त्यावर वेगळं लिहीन. रक्तदाब बघून.)

2023मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, आणि निजामकाळातली उर्दू, मोडी दप्तरं उघडली गेली. चांगलंच झालं. म्हणजे मनावर घेतलं की सरकारला जुनं दप्तर सापडतं. मग सुंदरलाल अहवाल मराठीत छापून मराठवाड्यातल्या ग्रंथालयांत ठेवायला काय हरकत आहे? एका ग्रंथपालांना विचारलं. ते म्हणाले, "वकीलसाहेब, अर्ज द्या, वर पाठवतो."

अर्ज दिलाय. पोच घेतलीय.