तुम्ही विचारलंत म्हणून: कॅप्टन पळते का?

साताऱ्यात मुलींना हॉकी शिकवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. या वर्षांत एक प्रश्न लोकांनी मला मैदानाच्या कडेला विचारला, लग्नाच्या पंगतीत विचारला, एकदा तर दातांच्या दवाखान्यात मी आ वासून बसले असताना डॉक्टरांनी विचारला. "मॅडम, कॅप्टनच जीव तोडून खेळत नाही, तिला कुणी बोलत कसं नाही?" ही कॅप्टन कधी आमच्या शाळेची असते, तर कधी टीव्हीवरचा, भारताच्या पुरुष हॉकी संघातला हरमनप्रीत सिंग असतो. त्यावर शेजारचं कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, कॅप्टनवर अशी शंका घेऊ नये."

घ्या की. माझ्यावर घेतली होती, आणि ती खरी निघाली.

मी फलटण तालुक्यातली. आता आमच्याकडच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे भारताकडून खेळल्या, त्यामुळे हॉकी म्हटलं की लोकांना फलटण आठवतं. माझ्या वेळी मुरमाचं मैदान होतं आणि बॉल कुठल्या खड्यावरून उडेल ते देवालाच ठाऊक. दहावीत मी शाळेची कॅप्टन होते, सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीत खेळायचे. कराडला एका स्पर्धेत आम्ही तीन गोलनी हरलो. परतीच्या एसटीत सर म्हणाले, "कॅप्टन एकटीच पळाली, बाकीच्या झोपल्या होत्या." मी मान खाली घातली, पण आतून फुगले होते.

साताऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. पोरी वडापाव आणायला उतरल्या. आमची गोली माझ्या शेजारी येऊन बसली. शिनगार्डचे पट्टे सोडत म्हणाली, "एक सांगू का? तू फुडं जाताना पळतीस. मागं येताना चालतीस. तिन्ही गोलांना तू माझ्याकडं तोंड करून चालत येत हुतीस अन् त्यांची पोरगी तुझ्या शेजारनं पळत आली."

फलटण येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. राग एवढ्याचसाठी, की ती खरं बोलली होती. पुढं पळताना लोक टाळ्या वाजवायचे. मागं पळताना कोण वाजवणार?

सर कडेला उभे होते, त्यांना माझी धाव दिसली. गोली गोलात उभी होती, तिला माझी चाल दिसली. तेव्हापासून मी कुठलीही मॅच बघताना बॉल हातचा गेल्यावरचे पाच-सहा सेकंद बघते. तेवढ्यात जी वळते आणि धावते, तिच्या मेहनतीबद्दल मला कुणी काही सांगायला येऊ नये. आता अडचण अशी, की टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो. म्हणजे घरी सोफ्यावर बसून आपण ज्याला "पळत नाही" म्हणतो, त्याला आपण मुळात बघितलेलंच नसतं.

त्यात बदली खेळाडूंचा घोळ. हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, आणि बदल्या हव्या तेवढ्या करता येतात. फॉरवर्ड काही मिनिटं पूर्ण ताकदीने पळते, बाहेर येते, पाणी पिते, परत जाते. असंच ठरलेलं असतं. पण आमची कॅप्टन बाहेर आली की कठड्यावरून आवाज येतोच, "दमली बघा! हिला कशाला केली कॅप्टन?" क्रिकेटची सवय, दुसरं काय.

आता हरमनप्रीत. जानेवारी 2023 मध्ये भुवनेश्वरला वर्ल्डकपमध्ये न्यूझीलंडविरुद्ध आपण 3-1 ने पुढे होतो. ते 3-3 झालं, शूटआउटमध्ये हरलो आणि शेवटी अर्जेंटिनाबरोबर नवव्या नंबरवर बसलो. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्यांच्या चुकीमुळे गोलजवळ मिळणारी संधी, वाया जात होते. त्यावर शेवटचा फटका हरमनप्रीत मारायचा, म्हणून सगळा देश त्याच्या मनगटावर घसरला. मीही स्टाफरूममध्ये ठासून सांगितलं होतं, कॅप्टनशिपचं ओझं झालंय, काढून घ्या. माझं चुकलं. पेनल्टी कॉर्नर एकट्याचा नसतोच. एकजण बॅकलाइनवरून बॉल ढकलतो, दुसरा डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या, टोकावर तो अडवतो, मग तिसरा फ्लिक मारतो, म्हणजे स्टिकने बॉल गोलकडे भिरकावतो. अडवणाऱ्याकडून बॉल वीतभर इकडेतिकडे झाला तरी फ्लिक बिघडते, आणि नाव खराब होतं ते फ्लिक मारणाऱ्याचं.

विचारायचंच होतं तर वेगळं विचारायला हवं होतं. 3-1 असताना खेळ संथ करायला कुणी सांगितलं का? मागची फळी विस्कटली तेव्हा तिला एकत्र कुणी आणलं? हे प्रश्न कॅप्टनचेच आहेत, आणि ते कडक शब्दांत विचारले तरी माझी हरकत नाही.

पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला आपल्या अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं. उरलेली जवळपास तीन क्वार्टर दहाजणांनी काढायची होती. ती मॅच मी पोरींना दोनदा दाखवली. त्यात हरमनप्रीतने गोल केला, पण मी दाखवत होते ते हे, की एक माणूस कमी झाल्यावर उरलेले दहा कसे एकमेकांजवळ सरकले, मोकळी जागा कुणी भरली, कोण कुणाला हाताने खुणा करत होतं. सामना 1-1 सुटला, शूटआउट 4-2 ने जिंकलं. पुढे स्पेनला 2-1 ने हरवून ब्राँझ मिळालं, दोन्ही गोल त्याचेच. स्पर्धेत एकूण दहा. ज्याची कॅप्टनशिप मी स्टाफरूममध्ये काढून घेतली होती, तोच हा.

खडकीच्या धनराज पिल्लेचं मात्र मला अजून लागतं. 1998 ला बँकॉकला त्याच्या कॅप्टनशिपखाली 32 वर्षांनी एशियन गेम्सचं सुवर्ण आलं, आणि लगेच पुढच्या मालिकेतून तो बाहेर. त्याच्या पळण्यावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. पण तो खेळाडूंच्या पैशाबद्दल मोठ्याने बोलायचा. कॅप्टनने वरच्यांना प्रश्न विचारणं हीही लीडरशिपच, असं मी मानते. वर बसलेल्यांना ती सहसा आवडत नाही.

गेल्या महिन्यात एक वडील कठड्यावरून सारखे ओरडत होते, "कॅप्टन, पळ की!" पोर बिचारी दरवेळी तिकडे बघायची. मी त्यांना म्हटलं, एक क्वार्टर गोलच्या जाळीमागे उभे राहा, जरा बाजूला, बॉल लागेल. आणि बॉल सोडून बाकी सगळं बघा. गेले, हाताची घडी घालून उभे राहिले. पंधरा मिनिटांनी आले, माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायले.

"कॅप्टन येती हो मागं," ते म्हणाले. "आमचीच येत न्हाई."

मी म्हटलं, घरी काही बोलू नका, मी बघते. त्यांनी मान हलवली, पण पोरगी स्कूटरवर बसायच्या आतच त्यांचं सुरू झालं होतं.