मिरजेची माणसं

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका गावात आम्ही चार ख्रिस्ती मंडळ्यांची, म्हणजे चार चर्चची, माणसं गेलो, त्या दिवसाचं हे.

मी मिरजेत पाळक आहे. उपासना, लग्नं, दफनविधी हे आमचं काम सगळ्यांना दिसतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतली भांडणं मिटवण्यात किती दिवस जातात ते दिसत नाही. त्याआधी मी सहा वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होतो, म्हणून गावची विहीर माझ्याकडे आली.

चार मंडळ्या एकत्र येणं सोपं नव्हतं. आमची काही घरं पेंटेकॉस्टल मंडळीत गेल्यापासून त्यांच्याशी आमचं बोलणं बंद होतं. कॅथलिक फादरांशी नमस्कारापुरतं. पण फादरांकडे दवाखाना चालवणाऱ्या सिस्टर होत्या, पेंटेकॉस्टलांकडे गाळ उपसणारी दणकट पोरं होती, आमच्याकडे मोठी भांडी. शनिवार पाळणाऱ्या मंडळीनं आपण होऊन सांगितलं, "रविवारचा टेम्पो आमच्याकडे." बाकी तिघांची रविवारची अडचण त्या एका वाक्यात सुटली.

वाद झाला तो किटवरून. तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या यांबरोबर येशूच्या शुभवर्तमानाची पुस्तिका घालायची का? दीड तासानं ठरलं: छापील कागद नाही, बॅनर नाही, फोटो नाही. कुणी विचारलं तर मात्र खरं सांगायचं.

विहिरीचं काम मला मनापासून आवडतं. व्यास चार मीटर, पाणी पाच मीटर, म्हणजे सुमारे ६३ हजार लिटर. पाण्यात क्लोरीन सोडणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं नेहमीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, पण पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला ते पुरत नाही. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यायची, ती दोरानं खाली सोडून वरखाली हिसळायची. तासाभरानं क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब टाकून नळीतलं पाणी पिवळं होतंय का बघायचं. आमचं पाणी पांढरंच राहिलं. दानात आलेलं पोतं दमट, गोळे झालेलं होतं, नाकाशी धरलं तरी वास येईना. उघडी पडलेली पावडर मेलेली असते. तिनं शुद्ध केलेलं पाणी लोक निर्धास्त पितात, म्हणून ती न देण्यापेक्षा वाईट. फाटक्या साड्यांचे ढीग पाठवणाऱ्यांवर मी रागावलो नाही, या पोत्यावर रागावलो. टेम्पो मिरजेला परत पाठवून नवी पावडर आणवली आणि पहिल्यापासून सगळं केलं.

तोवर पोरांबरोबर एका आजींच्या घरी गेलो. भिंतीवर छातीच्या वर गाळाची रेघ. पत्र्याच्या कोठीतली ज्वारी फुगून झाकण उचकटलेलं, आंबूस वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. आजी ओट्यावर बसून एक तांब्या घासत होत्या, एकच, पुन्हा पुन्हा. पोरांनी घमेल्यानं गाळ काढला, मी ज्वारी पोत्यात भरून बाहेर नेली.

आजींनी विचारलं, "कुनाची मान्सं म्हनायची तुमी? फोटू काडायचा न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "मिरजेची."

त्या जरा थांबल्या. "मिरजेची म्हंजे मिशनीची? माज्या सासूचं आपरेशन मिशन दवाखान्यातच झालतं."

"होय," एवढंच म्हणालो आणि पोतं उचललं.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या दवाखान्याला या भागात अजून तेच नाव आहे. नाव आजींनीच काढलं होतं. पुढचं बोलायला दार उघडं होतं.

परतताना टेम्पोत पेंटेकॉस्टल मंडळीतला विशीतला पोरगा माझ्या शेजारी बसला. त्याचे हात गाळानं भेगाळले होते. खूप वेळानं म्हणाला, "पाळकसाहेब, त्यांनी विचारलं होतं. मिरजेची म्हणायचं आपलं ठरलं नव्हतं." आवाजात राग नव्हता. येशूला ओळखत नाही म्हणणाऱ्या त्याच्या शिष्याचं, पेत्राचं, नाव त्या पोरानं घेतलं नाही, मला मात्र आठवलं.

माझ्याकडे उत्तर होतं. ज्या बाईच्या घरात धान्याचा दाणा उरला नाही, तिनं आपलं ऐकून घेतलं तरी ते उपकाराखाली ऐकलेलं असतं. तिला नको म्हणायची सोय राहत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग खरं सांगून गप्प बसायचं होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे बसलेल्या सिस्टर उरलेल्या डॉक्सीसायक्लिनच्या कॅप्सुली मोजत होत्या. त्या मागे वळल्या नाहीत.

येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दोन्ही आहे. तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, आणि दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. दोन्हींवर मी किती उपदेश केले असतील. त्या ओट्यापाशी मी दुसरं वचन पाळलं, की ओशाळून पहिलं टाळलं?

शुक्रवारी पुन्हा पाणी तपासायला गेलो, तेव्हा त्या पोराला मुद्दाम सोबत नेलं. नळीत पिवळा रंग आला. आजी विहिरीवरच होत्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं, "ही मिशनीची मान्सं. पानी प्या आता." पोरानं माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा हंडा उचलून घराकडे चालू लागला.