इरॅस्मस हॉलची पोरं: नामवंतांची यादी तपासायची कशी

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, फ्लॅटबुश अ‍ॅव्हेन्यूवर, इरॅस्मस हॉल नावाची सरकारी शाळा होती. ‘होती’ का, ते शेवटी येईलच. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी वाचताना डोळे विस्फारतात: गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड, बुद्धिबळाचा जगज्जेता बॉबी फिशर, नोबेल मिळालेले एरिक कँडेल आणि बार्बरा मॅकक्लिंटॉक, कादंबरीकार बर्नार्ड मालामड, संगीत व्यवसायातले क्लाइव्ह डेव्हिस. पण एकाच यादीत असली, तरी या मंडळींचं शाळेशी नातं एकाच जातीचं नाही. कोणी शिकून बाहेर पडलं, कोणी मध्येच सोडली, कोणाचं नाव दोन शाळा सांगतात, आणि एखादं नाव तर शाळेची पायरीही न चढता यादीत येऊन बसलेलं असतं.

या शेवटच्या प्रकारापासून सुरुवात करू. अभिनेत्री बार्बरा स्टॅनविक इरॅस्मसची, असं तिच्या सुरुवातीच्या काळातल्या प्रसिद्धीच्या मजकुरात छापून यायचं. प्रत्यक्षात तिने 14 व्या वर्षी शिक्षण सोडलं आणि ब्रुकलिनच्या एका मोठ्या दुकानात पुड्या बांधायची नोकरी धरली. हायस्कूलमध्ये ती गेलीच नाही. असली चूक टिकते कशी? पहिल्यांदा कोणीतरी एक बरी दिसणारी ओळ लिहितो, वर्तमानपत्र ती उचलतं, मृत्युलेख वर्तमानपत्रातून उचलतो, आणि मृत्युलेखावरून यादी होते. चार ठिकाणी सापडलं म्हणजे चार पुरावे झाले असं वाटतं. असतो एकच, चार वेळा उतरवून घेतलेला. म्हणून तपासाचा पहिला प्रश्न ‘किती ठिकाणी आहे’ हा नसतो. ‘सगळ्यात आधी कोणी लिहिलं, आणि त्याला कसं ठाऊक’ हा असतो.

दुसरी अडचण नावांची. जुन्या कागदांत प्रसिद्ध नाव शोधत बसलात तर दिवस वाया. स्टॅनविकचं जन्मनाव रूबी स्टीव्हन्स. मॅकक्लिंटॉकचं जन्मनाव एलेनॉर, बार्बरा हे नाव आईवडिलांनी नंतर ठेवलं. स्ट्रायसँड शाळेत ‘बार्बरा’च होती, मधला ‘अ’ तिने गाण्याच्या धंद्यात पडल्यावर गाळला. त्यामुळे कागद उघडण्याआधी चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: जन्मनाव, जन्माचं वर्ष, आणि त्या वयात घर कोणत्या भागात होतं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. बरीचशी पोरं घराजवळच्याच शाळेत जायची, त्यामुळे पत्ता जुळत नसेल तर तिथेच शंका घ्यायला हवी.

मग वर्षाचा अंदाज. अमेरिकेत हायस्कूल साधारण 17-18 व्या वर्षी संपतं, म्हणून जन्मवर्षात 17 मिळवायचे आणि एक वर्ष अलीकडचं, एक पलीकडचं असे तीन अंक बघायचे. न्यूयॉर्कमध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे त्या काळी सहामाहीनुसार वरच्या वर्गात जात, त्यामुळे पदवीदान वर्षातून दोनदा व्हायचं, जानेवारीत आणि जूनमध्ये. स्ट्रायसँड जानेवारी 1959 मध्ये, 16 व्या वर्षीच बाहेर पडली. फक्त जूनची यादी चाळणाऱ्याच्या हातून अशी माणसं निसटतात.

शाळेचं वार्षिक फोटोपुस्तक हा हाताशी असलेला सगळ्यात सोपा कागद. तो वाचायचीही रीत आहे. शेवटच्या वर्षाच्या पानांवर पासपोर्टएवढे फोटो असतात, खाली नाव आणि कोणकोणत्या मंडळात होता ते. पण हे पुस्तक परीक्षा संपायच्या आत छापायला जातं, त्यामुळे त्यात फोटो आहे एवढ्यावरून माणूस पास झाला असं म्हणता येत नाही. उलट फोटो नाही म्हणून तो नव्हताच असंही नाही, कारण फोटो न काढलेल्यांची नावं बऱ्याचदा मागच्या पानावर बारीक अक्षरात असतात. वृंदगान, धावण्याचा संघ, बुद्धिबळ मंडळ यांच्या सामूहिक फोटोंत खालच्या वर्गातली पोरंही असतात. मध्येच शाळा सोडलेला माणूस सापडला तर तिथेच सापडतो. पदवीदानाच्या दिवशी छापलेली कार्यक्रमपत्रिका याहून पक्की. गुणपत्रक मात्र मागू नये. माजी विद्यार्थ्याच्या परवानगीशिवाय शाळा ते देत नाही, आणि 1974 पासून अमेरिकेत त्यासाठी कायदाच आहे.

आता सोडून गेलेल्यांचं काय करायचं? फिशरने 1959 मध्ये, 16 वर्षांचा होताच शाळा सोडली. कायद्याने त्याआधी सोडता येत नव्हती. तोवर तो अमेरिकेचा विजेता आणि 15 व्या वर्षी ग्रँडमास्टर झालेला होता. माझ्या मते त्याचं नाव यादीत हवं, पण समोर ‘पूर्ण केली नाही’ हे शब्दही हवेत. ‘थ्री स्टूजेस’ या अमेरिकन विनोदी त्रिकुटातला मो हॉवर्ड मात्र दोनच महिने वर्गात बसला. दोन महिन्यांत शाळेने त्याला काय दिलं असेल? त्याला मी यादीत घेणार नाही. निदान एक पूर्ण वर्ष हजेरी हवी, असा नियम आधीच ठरवून टाकला की पुढे नावाचं वजन बघून सूट द्यायचा मोह होत नाही. आणि हा मोह होतोच.

गायक नील डायमंडचं प्रकरण तिसऱ्या जातीचं. तो इरॅस्मसमध्ये होता, पण कुटुंबाने ब्रुकलिनमधल्याच ब्रायटन बीच भागात घर हलवलं आणि तो तिथल्या अब्राहम लिंकन हायस्कूलमधून 1958 मध्ये बाहेर पडला. दोन्ही शाळा त्याला आपला म्हणतात आणि दोघींचंही खरं आहे. इरॅस्मसमध्ये तो आणि स्ट्रायसँड एकाच वृंदगान मंडळात होते. 1978 मध्ये दोघांचं युगुलगीत गाजलं, तेव्हा शाळेतल्या दोस्तीच्या गोष्टी रंगल्या. पण ते मंडळ शंभराच्या घरातल्या पोरांचं होतं आणि तिथे त्यांची जवळीक नव्हती. ‘एकाच वेळी होते’ याचं ‘एकमेकांचे मित्र होते’ व्हायला फार वेळ लागत नाही. यादीत फक्त पहिलं लिहावं.

लिंकनचा उल्लेख आलाच आहे, तर तिथली एक गोष्ट सांगायलाच हवी. 1929 मध्ये सुरू झालेल्या या शाळेतून तीन नोबेलवाले निघाले: आर्थर कोर्नबर्ग (वैद्यक, 1959), पॉल बर्ग (रसायन, 1980) आणि जेरोम कार्ल (रसायन, 1985). ही काही प्रवेशपरीक्षा घेऊन पोरं निवडणारी शाळा नव्हती. बर्ग आपल्या जडणघडणीचं श्रेय सोफी वुल्फ यांना देत. त्यांचं काम विज्ञानाच्या तासांना साहित्य पुरवणारी खोली सांभाळायचं. शाळा सुटल्यावर त्या विज्ञान मंडळ चालवायच्या. पोराने प्रश्न विचारला की सरळ उत्तर द्यायचं नाही. ग्रंथालयात जा, नाहीतर प्रयोग करून बघ, असं सांगायचं. नामवंतांच्या यादीत अशा बाईंना रकानाच नसतो.

इरॅस्मसमध्येही असंच घडलं. कँडेल 1939 मध्ये व्हिएन्नाहून जीव वाचवून आलेल्या ज्यू कुटुंबातला मुलगा. शाळेत तो ‘डचमन’ या शाळेच्या वर्तमानपत्राचं क्रीडापान बघायचा. घरच्यांच्या मते ब्रुकलिन कॉलेज पुरेसं होतं. इतिहासाचे शिक्षक कँपान्या सरांनी हार्वर्डला अर्ज कर म्हटलं, आणि अर्जाच्या 15 डॉलरवर घरात अडलं तेव्हा ते पैसे स्वतः दिले. सुमारे 1,150 जणांच्या त्या तुकडीतून हार्वर्डला दोघेच लागले, त्यातला हा एक. साल 1944. नोबेल 2000 मध्ये.

हा 1,150 चा आकडा फार कामाचा आहे. एका वर्षात एवढी पोरं बाहेर पडत असतील तर अनेक दशकांच्या हिशेबात पाच-पन्नास नामवंत म्हणजे टक्केवारीत काहीच नाही. यादी लांब दिसते त्यात शाळा प्रचंड असण्याचा वाटा मोठा आहे, आणि आसपास राहणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांना शिक्षणाची जी आच होती तिचाही. म्हणून मी प्रत्येक नावासमोर तुकडीचा आकार मिळाला तर तोही लिहितो.

आपल्याकडे शतकमहोत्सवी स्मरणिका काढणाऱ्यांचं काम एका बाबतीत सोपं आहे: जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक पोराच्या नोंदीचं पुस्तक. दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक मिळाला की जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ एका ओळीत दिसतं. हा कारणाचा रकानाच सगळा वाद मिटवतो. फक्त 1975 च्या आधीच्या बॅचेस अकरावी मॅट्रिकच्या, एवढं वर्षाच्या हिशेबात धरायचं.

राहता राहिली शाळा स्वतः. इरॅस्मस हॉल 1786 मध्ये खाजगी अकादमी म्हणून सुरू झाली, देणगीदारांत अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातले राजकारणी अलेक्झांडर हॅमिल्टन आणि अ‍ॅरन बर. सरकारी झाली 1896 मध्ये. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली बहुतेक मोठी नावं फी भरून शिकलेल्यांची, सरकारी शाळेच्या खात्यात ती धरता येत नाहीत. निकाल घसरत गेल्यावर 1994 मध्ये ती बंद करून त्याच वास्तूत वेगवेगळ्या छोट्या शाळा भरवल्या गेल्या. शाळेच्या आतल्या चौकात जुनी लाकडी अकादमी अजून उभी आहे, भोवती विसाव्या शतकातल्या इमारती, आणि आत शिकणाऱ्या पोरांच्या प्रमाणपत्रावर निरनिराळ्या शाळांची नावं. त्यामुळे यादीचे तीन भाग करावेत: 1896 पर्यंत, 1896 ते 1994, आणि नंतरचे. तिसऱ्या भागात शाळेचं नाव प्रमाणपत्रावर असेल तेच लिहायचं. ‘इरॅस्मस’ हा तिथे फक्त पत्ता.