तुम्ही विचारलंत म्हणून: चाल आयतीच आहे, मग वेळ कशात जातो?

विडंबन गाण्यांचा अल्बम काढायचा म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: "चाल तर आयतीच, नुसते शब्द बदलायचे. त्याला महिनेच्या महिने कशाला लागतात?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शब्द एका बैठकीत बदलून होतात. वेळ खातं ते माप.

एकच ओळ घ्या. भजनी ठेका, आठ मात्रांची दोन आवर्तनं, म्हणजे 16 मात्रा. विषय आपला दर उन्हाळ्याचा, पाणी. 'टँकर आला, कळशी कुठंय' ही ओळ चोख बसते, आठ आणि आठ. पण कुणी हसत नाही, कारण टँकर आला म्हटलं की गंमतच संपली. आपल्याकडं मराठवाड्यात टँकर येत नसतो, तो 'यायलाय', म्हणजे येतोय, अजून वाटेवरच. आता 'टँकर यायलाय' मोजा: दहा मात्रा, दोन जास्त. नवखा माणूस 'टँकर येतो' करून मोकळा होतो. माप जुळतं, गाणं जागीच बसतं. त्यापेक्षा पुढचा तुकडा कापावा: 'टँकर यायलाय, घागर घे'. दहा आणि सहा. शिवाय 'ला' आठव्या मात्रेवर सुरू होऊन पुढची सम, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाची पहिली मात्रा, ओलांडतो. गायकानं तो तसाच ओढला की वाट बघणं कानाला ऐकू येतं. अशा तीन-चार जागा मिळाल्या तर गाणं उभं राहतं. मुखडा आणि दोन कडवी पुरे. तिसऱ्या कडव्यात विनोद शिळा होतो.

चाल निवडताना गाजलेल्या सिनेगीताचा मोह होतो. इथं कायदा बघा. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. शब्द बदलले तरी चालीचा हक्क संगीतकाराकडं किंवा कंपनीकडं राहतो, आणि तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात विडंबनाला नाव घेऊन सूट नाही. टीका-समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा कलम 52 मध्ये आहे, पण ती कोर्टात मांडावी लागते. कव्हर गाण्याच्या परवान्याची तरतूद शब्दांत फेरफार करू देत नाही, म्हणून तीही वाट बंद. बाजारातला कराओके ट्रॅक वापरला तर त्या ट्रॅकचा मालक आणखी वेगळा. लेखी परवानगी घ्या, नाहीतर पारंपरिक चालीकडं या.

आमचं मत विचाराल तर मराठवाड्यात राहून ही ददात असूच नये. पैठणच्या एकनाथांनी भारुडात सासरच्या माणसांपासून सुटका मागणाऱ्या सुनेला थेट भवानीपुढं उभं केलं, तेही सोळाव्या शतकात. भारूड, गवळण, गोंधळ, जात्यावरची ओवी, सगळं हाताशी आहे. फक्त चाल परंपरेतली घ्या, एखाद्या कंपनीनं नव्यानं बांधलेली नको. आरतीच्या चालीवर लिहिताना देवाला मध्ये ओढू नका. टँकरवाला पुरतो.

रेकॉर्डिंगमधली सगळ्यात मोठी चूक म्हणजे गायकानं हसत गाणं. मूळ गाणं जितक्या गांभीर्यानं म्हणतात, तितक्याच गांभीर्यानं हेही म्हणायचं. लय थोडी उतरवा, कारण शब्द कळला नाही तर सगळंच वाया. प्रतिध्वनी कमी ठेवा. हशाची ओळ संपली की एक आवर्तन नुसतं वाद्य वाजू द्या, नाहीतर पुढची ओळ हसण्याखाली बुडते.

हलगी घेतलीत तर शेकायची सोय आधी करा. चामडं गार पडलं की आवाज बसतो, मग पहिल्या आणि पाचव्या टेकचा (रेकॉर्डिंगच्या खेपेचा) सूर जुळत नाही. दर दोन टेकनंतर शेक द्यायचा आणि माइक तीन फूट लांब ठेवायचा. जवळ ठेवला की पहिल्याच थापेला आवाज फाटतो. घरच्या खोलीत भिंतींवर वाकळा टांगल्या तरी चालतं. पंखा मात्र बंद, मग बाहेर मे महिना का असेना.

आता लोक कसं घेतात ते. आधी नुसती चाल हार्मोनियमवर वाजवून बघा. वेगवेगळ्या वयाच्या पाच जणांना ती पहिल्या दोन ओळींत ओळखू आली नाही तर त्यावर विडंबन करू नका. मूळ माहीत नसलेल्याला विनोद दिसतच नाही. यूट्यूबवर टाकल्यावर 'क्लेम', म्हणजे हक्काचा दावा, आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडं जातात. 'स्ट्राइक', म्हणजे हक्कभंगाचा ठपका, वेगळा: 90 दिवसांत तीन झाले की चॅनलच जाऊ शकतं.

आणि बोलीचं. पुण्या-मुंबईचे लोक 'यायलाय' ऐकून उच्चारालाच हसतात, ते सोडून द्या. पण लातूर-परभणीचा ऐकणारा रुसला, तर बहुधा आपण टँकरऐवजी त्याच्या बोलण्याची टर उडवलेली असते. मग ते कडवं पुन्हा लिहायला घ्यावं लागतं.